सोडावॉटर: खलाशांच्या औषधापासून आजच्या डाएटपर्यंत

आहाराच्या इतिहासावर बोलायला लागलं की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो: डाएटवर असताना सोडा चालतो का? कुणाचं कीटो असतं, कुणाचं सोळा तासांचं उपाशी राहणं, कुणाला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं असतं. प्रश्न आजचा वाटतो खरा, पण हे पाणी जन्मापासूनच पथ्याच्या यादीत आहे.

सुरुवात लीड्समध्ये होते. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली तिथे धर्मोपदेशक म्हणून आला आणि त्याचं घर पडलं बिअरच्या कारखान्याशेजारी. आंबणाऱ्या पिंपांवर एका जड वायूचा थर साचून राहायचा. तेव्हा त्याला ‘फिक्स्ड एअर’ म्हणत, आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. प्रीस्टलीने त्या थरात पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून पाहिलं, तर पाण्याला सुखद चुरचुरीत चव आली. १७७२ मध्ये त्याने कृती छापून टाकली. पैसे कमवायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला स्कर्व्ही बरी करायची होती.

स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस मरतो. लांबच्या सफरींवर लढाईपेक्षा या रोगाने जास्त खलाशी जात. त्या काळची एक मान्यताप्राप्त समजूत अशी, की शरीर आतून सडतंय आणि हा वायू ते सडणं थांबवतो. मग वायू पाण्यातून पोटात घातला की झालं! इंग्लंडच्या नौदलाला हे पटलं आणि कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर ही सोडा करायची उपकरणं गेलीसुद्धा. गंमत म्हणा की दुर्दैव, जेम्स लिंडने १७४७ मध्येच बारा आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्री-लिंबं गुणकारी असल्याचं दाखवलं होतं. तरी लिंबाचा रस नौदलात नियमाने मिळायला १७९५ उजाडलं. मधल्या वर्षांत जे गेले, ते चांगल्या तर्काचे बळी होते असं आम्हाला वाटतं. तर्क सुबक होता, पण बुडबुड्यांत क जीवनसत्त्व नव्हतं.

पुढे जिनिव्हाच्या श्वेप्पेने यातून धंदा उभा केला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आला. १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात दारूला बंदी होती. तिथे श्वेप्सच्या सोडावॉटर, लेमोनेड वगैरेच्या दहा लाखांहून जास्त बाटल्या खपल्या. औषध होतं ते आता दारूऐवजी प्यायचं सभ्य पेय झालं.

आणि डाएट? पहिलं गाजलेलं ‘लो-कार्ब’ डाएट विल्यम बँटिंगचं, १८६३ चं. ब्रेड, साखर, बटाटे, बिअर बंद. आम्हाला वाटलं होतं बिअरच्या जागी सोडा असणार. छे! साहेबांनी जेवणासोबत दोन-तीन ग्लास वाइन ठेवली होती. सोड्याला वजनाशी जोडलं ते फार नंतर. १९७७ पासून पेरिए या फ्रेंच पाण्याची अमेरिकेत जोरदार जाहिरात झाली, आणि शून्य कॅलरी हा त्याचा गुण ठरला. गुण म्हणजे काय, तर काहीच नसणं.

या ‘काहीच नाही’मुळे ते सगळ्या डाएटांत बसतं. कार्ब नाहीत म्हणून कीटोला चालतं, कॅलरी नाहीत म्हणून उपाशी तासांतही चालतं. पोट थोडा वेळ भरल्यासारखं वाटतं. पण २०१७ मध्ये बिरझेत विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर आणि वीस तरुणांवर पाहिलं, तर वायूच्या पेयानंतर भुकेचं संप्रेरक वाढलेलं दिसलं. वीस माणसं म्हणजे फार नव्हेत, तेव्हा तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

खरी गफलत नावात आहे. नुसता वायू भरलेलं पाणी एक. क्लब सोड्यात मात्र सोडियमचे क्षार घातलेले असतात. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन आणि बहुधा साखर. झऱ्याच्या पाण्यांतही जमीन-अस्मानाचा फरक: फ्रान्सच्या विशी सेलेस्तँमध्ये लिटरमागे हजार मिलिग्रॅमहून जास्त सोडियम आहे, आणि रक्तदाबासाठीच्या डॅश आहारात दिवसाची मर्यादाच २३०० ची. कीटोवाला शरीरातून मीठ जातं म्हणून तीच बाटली आनंदाने पिईल. रक्तदाबवाल्याने मात्र लेबल वाचलेलं बरं.

आपल्याकडे तर लेबलसुद्धा नसतं. गोटी सोड्याची बाटली फट्कन फुटते, लिंबू पिळलं जातं आणि गाडीवाला विचारतो, “गोड की खारा?” साखर नको म्हणून रक्तदाबाचा पेशंट मोठ्या संयमाने सांगतो, “खारा दे.”