लेमन लेअर केक

लेमन लेअर केक : लिंबाचा रस व सालीचा कीस घालून भाजलेल्या हलक्या केकचे थर, थरांमध्ये लिंबाचे कर्ड (पिवळे बलक, साखर, रस व लोणी यांचे शिजवलेले मिश्रण) आणि बाहेरून मेरँगचा, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखरेसह फेसून केलेला लेप, अशी रचना असलेला अमेरिकी पद्धतीचा केक. याची सुरुवात अंड्यातील पांढरे व पिवळे वेगळे करण्यापासून होते. पिवळे बलक केकच्या पिठात व कर्डमध्ये जातात. पांढऱ्याच्या फेसाने केक फुगतो आणि लेपही त्याचाच होतो. मेरँगमध्ये साखर भरपूर असते. कर्डच्या आंबटपणामुळे केक मिट्ट गोड लागत नाही.

इतिहास : ‘मेरँग’ हा शब्द फ्रान्स्वा मासियालो या फ्रेंच आचाऱ्याच्या १६९२ मधील पुस्तकात छापलेला आढळतो. स्वित्झर्लंडमधील मायरिंगन या गावावरून हे नाव पडले, अशी कथा प्रसिद्ध असली तरी तिला भक्कम आधार नाही. केकचे थर रचण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुळली. तिच्यामागे दोन साधने होती. इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली होती, आणि अमेरिकेत १८७० मध्ये टर्नर विल्यम्सने एकमेकांत फिरणाऱ्या दोन चाकांच्या हातरहाटाचे पेटंट घेतले. त्यापूर्वी पांढरे फेसायचे म्हणजे हात भरून येईपर्यंत काड्यांच्या जुडीने घुसळावे लागे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ‘लेडी बॉल्टिमोर’ हा मेरँगचा लेप दिलेला थरांचा केक ओवेन विस्टर याच्या १९०६ मधील त्याच नावाच्या कादंबरीमुळे सर्वदूर माहीत झाला.

लेमन लेअर केकसाठी आज वापरला जाणारा हलका ‘शिफॉन’ प्रकार लॉस एंजेलिसमधील विमा विक्रेता हॅरी बेकर याने १९२७ मध्ये शोधला. हॉलिवूडच्या ब्राउन डर्बी उपाहारगृहाला तो केक करून देई. कृती मात्र त्याने वीस वर्षे कोणाला सांगितली नाही. १९४७ मध्ये जनरल मिल्स कंपनीने ती विकत घेतली व १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा गुपित उघड झाले : लोण्याऐवजी खाद्यतेल. थंडीत लोणी गोठते आणि केक कडक लागतो. तेल पातळच राहते. कर्ड भरलेला केक फ्रिजमध्ये ठेवावा लागत असल्याने हा गुण येथे विशेष उपयोगी पडतो.

घटक : अंड्याच्या पांढऱ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी व दहा टक्के प्रथिने असतात. फेसताना प्रथिनांची वेटोळी उलगडतात व हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे धरतात. रसाचे काही थेंब किंवा चिमूटभर क्रीम ऑफ टार्टार टाकल्यास हे जाळे फार आवळत नाही व फेस टिकतो. साखर फेसातले पाणी धरून ठेवते. पिवळ्याचा ठिपका किंवा भांड्याला राहिलेला तेलाचा हात मात्र फेस बसवतो.

पाश्चात्त्य पाककृतींतील ‘लेमन’ मोठे, जाड सालीचे व पिवळे असते. महाराष्ट्रात सर्रास मिळणारे कागदी लिंबू वेगळ्या जातीचे, लहान, पातळ सालीचे व अधिक आंबट असते. ते वापरताना रस बेताने घ्यावा. सुवास सालीच्या रंगीत पापुद्र्यातील तेलात असतो. त्याखालचा पांढरा भाग कडू लागतो. कागदी लिंबाचा पापुद्रा अगदी पातळ असल्यामुळे किसणीवर एकदा फिरवून लिंबू लगेच वळवावे.

कृती : २० सेंमी. व्यासाच्या दोन साच्यांसाठी नऊ अंडी लागतात. १३० ग्रॅ. मैदा, २० ग्रॅ. कॉर्नफ्लोअर, २ लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ व २०० ग्रॅ. साखरेपैकी निम्मी साखर एकत्र चाळून घेतात. त्यात ४ पिवळे बलक, ८० मिलि. वास नसलेले तेल, ९० मिलि. पाणी, ३० मिलि. लिंबाचा रस व सालीचा कीस घालून गुठळ्या मोडतात. ५ पांढरे उरलेल्या साखरेसह घट्ट फेसतात. हा फेस पिठात तीन वेळा, खालून वर घेत, हलक्या हाताने मिसळतात. साच्याच्या तळाशी कागद घालतात, पण कडांना तेल लावत नाहीत; केक कडेला धरूनच वर चढतो. १६५° से. तापमानाला ३० ते ३५ मिनिटे भाजल्यावर साचा उलटा करून, त्याची कड दोन-तीन वाट्यांवर टेकवून गार करतात. सरळ ठेवल्यास केक स्वतःच्या वजनाने बसतो. गार झाल्यावर प्रत्येकाचे आडवे दोन थर कापतात.

कर्डसाठी ५ पिवळे बलक, १२० ग्रॅ. साखर व ९० मिलि. रस उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात सतत ढवळतात. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि त्यावरून बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली की कर्ड झाले. खाली उतरवून त्यात ७० ग्रॅ. लोणी घालतात व गाळून गार करतात. यासाठी स्टीलचे भांडे घ्यावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात रस कळकतो.

लेप : मेरँग करण्याच्या तीन पद्धती आहेत. फ्रेंच पद्धतीत पांढऱ्यात कोरडी साखर घालून फेसतात. असा फेस लवकर बसतो, म्हणून तो लेपासाठी निवडत नाहीत. स्विस पद्धतीत पांढरे व साखर उकळत्या पाण्यावर गरम करून मग फेसतात. इटालियन पद्धतीत ४ पांढऱ्यांच्या फेसात २४० ग्रॅ. साखरेचा गरम पाक बारीक धारेने सोडतात. पाक ११८° से.ला गोळीबंद होतो : थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांनी मऊ गोळी वळते. एकतारी पाकाने लेप सैल राहतो. लेप लावताना प्रत्येक थराच्या कडेला आधी त्याचेच आळे करतात व आत कर्ड भरतात. नाहीतर वरच्या थराच्या वजनाने कर्ड बाहेर येते.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाकाच्या उष्णतेने ते मरतीलच असे नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया किंवा वृद्ध यांच्यासाठी करायचे असल्यास स्विस पद्धतीने मिश्रण ७१° से.पर्यंत तापवणे सुरक्षित.

दोष व साठवण : केक साच्यातून काढताच बसला तर तो कच्चा राहिला किंवा गरम असताना काढला असे समजावे. पांढरे गरजेपेक्षा जास्त फेसल्यास ते कापसासारखे तुटते व पाणी सोडते. साखर हवेतील ओल ओढून घेत असल्याने पावसाळ्यात मेरँग चिकट होते आणि पाझरते. केकचे थर व कर्ड आदल्या दिवशी करून ठेवता येतात. लेप मात्र ज्या दिवशी केक कापायचा त्याच दिवशी द्यावा.