बिशप रेजिनाल्ड हेबर : जीवन व कार्य

गाझियाबाद : कलकत्त्याचे दुसरे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर यांचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजी इंग्लंडमधील मालपस येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हेबर कवी म्हणूनही ख्यातनाम होते. १८२३ मध्ये त्यांची बिशपपदी नियुक्ती झाली, तेव्हा अवघा ब्रिटिश हिंदुस्थान या एकाच धर्मप्रांतात मोडत असे.

जून १८२४ मध्ये ते गंगामार्गे दौऱ्यावर निघाले. डिसेंबरमध्ये मेरठच्या सेंट जॉन चर्चचा पवित्रीकरण विधी त्यांच्या हस्ते झाला. आजचा गाझियाबाद जिल्हा १९७६ पर्यंत मेरठ जिल्ह्यातच होता. दिल्लीत मोगल बादशहा दुसरा अकबरशहा यांची भेट घेऊन ते जयपूर, बडोदेमार्गे १८२५ मध्ये मुंबईस पोहोचले. तेथे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांचे आतिथ्य केले. घारापुरी व कार्ले येथील लेणीही त्यांनी पाहिली.

३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्ली येथे दौऱ्यातच, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे प्रवासवर्णन पत्नी अमेलिया यांनी १८२८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यानंतरचे दोन बिशपही अल्पावधीतच मृत्यू पावले. एवढा विस्तृत प्रांत एकट्याने सांभाळणे अशक्य ठरले होते. अखेर १८३३ च्या सनदी कायद्याने मद्रास व मुंबईसाठी स्वतंत्र बिशपांची तरतूद केली. १८३७ मध्ये थॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले.