शाळेजवळची नदी

भूपृष्ठाचे आकार निसर्गाच्या हातून कसे घडतात, हे मुलांना शिकविण्याच्या प्रथेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ एखाद्या ग्रंथापासून न करता स्वित्झर्लंडमधील इव्हर्दों या गावाजवळच्या एका अरुंद दरीपासून करावा, असे मला वाटते. त्या गावच्या जुन्या किल्ल्यात पेस्तालोत्झी या शिक्षणवेत्त्याची शाळा १८०५ पासून वीस वर्षे चालली. तेथे लहानपणी शिकलेल्या आणि पुढे इतिहासकार झालेल्या लुई व्ह्यूलमँ याने आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, भूगोलाच्या पहिल्या पाठासाठी मुलांना ब्युरों नदीच्या दरीत नेत. ती दरी प्रथम समग्र आणि मग अंशाअंशाने न्याहाळून तिचे रूप मनात पक्के ठसले, म्हणजे तिच्याच एका अंगाला थरांनी साचलेली चिकणमाती खणून मुले ती कागदांत बांधून आणीत, आणि शाळेत परतल्यावर मोठमोठ्या मेजांवर, प्रत्येकाच्या वाट्याला आलेला भाग प्रत्येकाने घडवून, त्याच मातीची ती दरी पुन्हा उभारीत. नकाशा हाती पडे तो या सर्व खटाटोपानंतर. ज्याला आधुनिक भूगोलाच्या जनकांपैकी एक मानतात, तो कार्ल रिटर या शाळेत येऊन गेला होता आणि पेस्तालोत्झीचे ऋण त्याने जन्मभर मानिले.

पुढे साठ वर्षांनी लंडनमध्ये टॉमस हेन्री हक्स्ले याने हाच मार्ग धरिला. डार्विनच्या मताचा कैवारी म्हणून तो आपल्याकडे परिचित आहे. परंतु १८६९ साली त्याने लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये तरुण श्रोत्यांपुढे जी व्याख्याने दिली, आणि जी १८७७ साली ‘फिजिऑग्रफी’ या नावाने ग्रंथरूप झाली, त्यांचे मोल माझ्या दृष्टीने त्याच्या गाजलेल्या वादविवादांहून तिळमात्र उणे नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असून सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते, या वाक्याने भूगोलाला प्रारंभ करावयाचा आणि शेवटी मुलाला आपल्याच परगण्याच्या नकाशाचा अर्थ लागू नये, हा जो तत्कालीन शाळांचा शिरस्ता, त्यावर त्याने प्रस्तावनेतच कठोर आक्षेप घेतला. त्याने स्वतः आरंभ केला तो लंडन ब्रिजपासून. पुलाखालचे थेम्सचे पाणी भरती-ओहोटीबरोबर कधी वर चढते, कधी खाली वाहते, हे लंडनच्या प्रत्येक मुलाने पाहिलेले होते. मग हे पाणी येते कोठून, या प्रश्नामागून झरे, झऱ्यांमागून पाऊस, पावसामागून बाष्प आणि वातावरण, आणि मग तेच पाणी भूमीवर पडल्यावर तिला कसे झिजविते, तिची माती समुद्रात कशी नेऊन टाकिते, त्या गाळाचे खडक कसे बनतात, असा एकेक पदर उलगडत तो ग्रंथ पुढे जातो. पृथ्वीचा आकार, तिची गती आणि सूर्य हे विषय त्यात येतात ते अगदी अखेरीस.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याच सुमारास आपल्याकडे नदीचे हे कर्तृत्व सरकारी दप्तरात रीतसर दाखल झालेले होते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात नदीने आणून टाकलेल्या मळईच्या जमिनीविषयी कलमे होती, आणि पाण्याने कापून नेलेली जमीन अर्ध्या एकरापेक्षा कमी नसेल तर खातेदाराला त्या प्रमाणात साऱ्यात सूट मिळण्याचा हक्कही त्यात मुक्रर केलेला होता. म्हणजे झीज आणि भर या दोन्ही क्रिया कायद्याला ठाऊक होत्या, शेतकऱ्याला तर त्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. शाळेत मात्र भूगोल म्हणजे नद्या, पर्वत आणि राजधान्या यांच्या नावांची घोकंपट्टी होती.

आज आपल्या पाठ्यपुस्तकांत नदीची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था वर्णिलेली असते. ही परिभाषा हार्वर्डच्या विल्यम मॉरिस डेव्हिस या अध्यापकाची. १८८२ साली विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्याला, येथे तुमच्या बढतीची फारशी आशा नाही, असे स्पष्ट कळविले होते. तरीही तो टिकून राहिला, आणि पुढल्याच वर्षी माँटानाच्या मैदानांत व नदीकाठच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भूमीत हिंडत असता त्याला क्षरणचक्राची कल्पना सुचली. भूमी उचलली जाते. तीव्र उताराची तरुण नदी तिला खोल चिरते. दरी रुंदावत जाते, डोंगर खचत जातात. आणि अखेरीस सारा प्रदेश जवळजवळ सपाट होऊन नदी वळणे घेत संथ वाहू लागते. १८९९ साली त्याने ही मांडणी एका प्रसिद्ध निबंधात पूर्ण केली. भूरूप पाहताना त्याची रचना, त्यावर घडलेली क्रिया आणि त्याची अवस्था या तीन गोष्टी विचाराव्यात, हे त्याचे सूत्र. आणि भूमीचा ठोकळा कापून वरचा पृष्ठभाग व आतले थर एकाच दृष्टिक्षेपात दाखविणाऱ्या त्याच्या स्वहस्ते काढलेल्या आकृत्या इतक्या बोलक्या, की ज्या मुलाने डोंगर कधी जवळून पाहिला नाही त्यालाही डोंगराचे पोट दिसावे. या मांडणीवर पुढे आक्षेप आले. भूमी आधी उचलली जाऊन मग स्वस्थ राहते हे गृहीत धरता येत नाही, उत्थान आणि झीज एकाच वेळी चालतात, असे जर्मनीच्या वाल्थर पेंकने म्हटले. आणि १९४५ पासून हॉर्टन, स्ट्रालर प्रभृती अभ्यासकांनी उतार, प्रवाह आणि गाळ यांच्या मोजमापावर भर दिला. तथापि मानवी वयाची ती उपमा वर्गांतून हलली नाही, कारण ती मुलाला तत्काळ कळते.

सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र ती अडखळते. उगमाजवळ नदी तरुण, तिची दरी अरुंद व खोल, असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याने लोणावळ्यास यावे. येथे इंद्रायणी उगमापासूनच रुंद, सौम्य खोऱ्यातून, जणू वार्धक्यातच जन्मल्यासारखी, पूर्वेकडे निघते, आणि भीमा-कृष्णेच्या संगतीने हजाराहून अधिक किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आणि तेथून थोडक्या अंतरावर, कड्याच्या पलीकडे, उल्हास नदी खोल घळीत कोसळून शे-सव्वाशे किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. पश्चिमेकडील प्रवाह जात्याच तीव्र उताराचे. ते कड्याला मागे रेटीत, पूर्वेच्या खोऱ्यांची शिरे कुरतडीत आले आहेत. एक नदी दुसरीचे शीर हरण करिते, हे डेव्हिसने स्वतःच विस्ताराने वर्णिले होते; तो लोणावळ्यास आला असता तर त्याला हा देखावा मुळीच परका वाटला नसता. दोष त्याचा नव्हे. त्याच्या पायपिटीतून निघालेली तीन नावे आपण घेतली आणि पायपीट मागे ठेविली, येथे आपले चुकले.

वस्तुतः आपल्या लोकांनी आपल्या भूरूपांना नावे देण्यात कधीच कसूर केली नाही. घळ, खिंड, डोह, कोंड, सुळका, मळई, बरड हे शब्द पाहणाऱ्यांच्या तोंडचे आहेत. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील काळ्या कातळात पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी खोल, गुळगुळीत पोकळ्या कोरल्या आहेत. त्यांना लोक रांजणखळगे म्हणतात, आणि घरातल्या रांजणाचा घाट ज्याने पाहिला आहे त्याला दुसरी व्याख्या लागत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही रांजणांच्या तळाशी ते गोटे, घासून वाटोळे झालेले, मुलाच्या हाताला लागतील असे पडलेले असतात. आणि आषाढात नदी भरली की पुन्हा फिरू लागतात.