वंशशोध डीएनए चाचणी व बेने इस्रायल समाज

लाळेचा नमुना घरूनच कंपनीकडे पाठवून पूर्वजांच्या मूळ प्रदेशांचा अंदाज आणि जनुकीय नातलगांची यादी मिळवण्याची व्यावसायिक सोय. डीएनए रक्ताच्या नात्यात सामाईक असतो. त्यामुळे एकाच्या संमतीने न विचारलेल्या अनेकांची माहिती उघड होते, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. लहान व आपसांत विवाह करणाऱ्या समाजात तो विशेष गंभीर ठरतो.

समाज : कर्नाळा किल्ल्याजवळचे पनवेल, तसेच पेण, रोहा, अलिबाग या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील भागात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंची जुनी वस्ती आहे. परंपरेनुसार नवगावजवळ गलबत फुटून वाचलेले सात पुरुष व सात स्त्रिया हे त्यांचे पूर्वज. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. पेणकर, रोहेकर, केहीमकर ही आडनावे गावांवरून आली आहेत; म्हणून नमुन्यावरचे नाव काढले तरी गावाच्या नोंदीवरून घराण्याचा माग लागू शकतो.

वंशचौकशी : वंशाच्या पुराव्याचा प्रश्न डीएनए चाचणीच्या आधीचा आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहापूर्वी मातृवंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला. समाजाने त्याविरुद्ध आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू मानल्याचे जाहीर केले. त्यानंतर आदेशातील समाजाचा उल्लेख वगळण्यात आला. वंशाचा पुरावा मागितला जाणे या समाजाने अपमान म्हणून भोगले आहे. जनुकीय अहवाल हा त्या मागणीचा नवा आधार होता कामा नये.

जनुकीय अभ्यास : २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ बेने इस्रायल व्यक्तींचे नमुने तपासले गेले. त्यांच्यात ज्यू व भारतीय असे दोन्ही अंश आढळले; हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा असावा आणि ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. १८ जणांच्या नमुन्यांवरून साऱ्या समाजाविषयी विधान झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

माहितीची चोरी : २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीची सुमारे १४ हजार खाती फोडली गेली आणि नातलग शोधण्याच्या सोयीमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती पडली. अश्केनाझी (युरोपीय) ज्यू वंशाच्या लोकांची वेगळी यादी करून ती विक्रीस ठेवण्यात आली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला.

कायदा : भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले व २०२३ मध्ये मागे घेतले गेले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा संवेदनशील वर्ग नाही. याच कायद्याच्या २०१९ च्या मसुद्यात तो होता. संमती व्यक्तीची धरली जाते. कुटुंबाची वा समाजाची नाही. चाचणीपूर्वी आप्तांना विचारणे म्हणूनच अत्यावश्यक होय.

इतर समाज : कर्नाळा परिसरातील ठाकर व कातकरी या आदिवासी समाजांच्या नमुन्यांनाही सामूहिक संमतीचा मुद्दा लागू होतो.