गायरान, नोटीस आणि दंडाची पावती

सरकारी जागेवर बसलेल्या माणसाला कायदा अतिक्रमणदार म्हणतो. पण तो तिथे का बसला, हे त्या शब्दात कुठे येत नाही. गावची कसदार जमीन मोठ्या खातेदारांकडे, आणि आमच्या लोकांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचा तुकडा. म्हणून भूमिहीनांनी गायरान फोडले, दगडगोटे वेचले, ज्वारी-बाजरी पेरली. बाबासाहेबांच्या पश्चात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी हाच प्रश्न हाती घेतला. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो बायाबापड्या लेकराबाळांसह तुरुंगात गेल्या, हे आजच्या तरुणांनी विसरू नये.

पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली. तिच्या कलम ५० नुसार जिल्हाधिकारी अतिक्रमण काढू शकतो, दंडही करू शकतो. पण लगेच पुढचे कलम ५१ सांगते की, अतिक्रमण करणाऱ्याची इच्छा असल्यास तीच जमीन त्याला अटी घालून देताही येते. म्हणजे एका हाताने उठवणे आणि दुसऱ्या हाताने बसवणे, दोन्ही त्याच कायद्यात आहे. सगळा झगडा यांपैकी कोणते कलम लागणार याचाच आहे.

गाव सोडून मुंबईच्या फुटपाथवर पाल टाकले तरी हा प्रश्न सुटला नाही. १९८१ साली तिथल्या झोपड्या उठवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असे न्यायालय म्हणाले. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणालाच नाही, हेही सांगितले. उठवायचे तर साधारणपणे आधी नोटीस द्यावी, म्हणणे ऐकावे. आमच्या पदरात पडले ते एवढेच, पण ते थोडके नाही.

गायरानाच्या बाबतीत २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय महत्त्वाचा. १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी झालेली भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे त्यात ठरले. आता त्या तारखेआधीचा ताबा दाखवायचा कसा? तर गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद आणि तलाठ्याला भरलेल्या दंडाची पावती! ज्या कागदाने आम्हाला गुन्हेगार ठरवले, तोच आमच्या कामी आला. ज्याने पावती चुलीत घातली, त्याच्या हाती काही उरले नाही.

२०११ मध्ये पंजाबातील एका गावतळ्याच्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. धनदांडग्यांनी तळी-गायराने गिळली, हे खरेच आहे. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी नियमाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. नोटीस आली की लोक पहिले वाक्य वाचून घाबरतात, अपवादापर्यंत कोणी पोचत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, त्याची पोच घ्या, जुन्या पावत्या जपून ठेवा. सत्याग्रहींनी तुरुंगवास भोगून मिळवलेली जमीन एका कागदावाचून जाऊ नये.