चालीवरून जागा

धुळे–सोलापूर महामार्गावरचा ट्रकांचा गोंगाट मागे टाकून शहागडला गोदावरीत उतरा. अलीकडे जालना, पलीकडे बीड. आता वर्षं मागे न्या. वीज, पूल, वर पैठणचं धरण, सगळं नाहीसं होतं. पाणी मोकळं वाहू लागतं.

थांबा. ही 1 जानेवारी 1801ची रात्र. पुण्यात नाना फडणवीस जाऊन दहा महिने होत आलेत. कृत्तिका डोक्यावर आल्यात. त्यांच्या दक्षिणेला एक ठिपका आहे, तुमच्या डोळ्यांना न दिसणारा. तिकडे सिसिलीत, पालेर्मोच्या वेधशाळेत, जुझेप्पे पियाझी तो दुर्बिणीतून टिपतोय. रोज थोडा सरकतो, म्हणजे तारा नव्हे. हा सेरेस, पहिला सापडलेला लघुग्रह: व्यास सुमारे 940 किलोमीटर, सूर्याभोवती फेरी 4.6 वर्षांची. पुढच्याच महिन्यात तो पियाझीच्या हातून निसटेल. मग गणिती गाउस मोजक्या वेधांवरून त्याची वाट काढेल आणि वर्षअखेर तो पुन्हा गवसेल, मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये.

आणखी मागे चला. शके 1425, म्हणजे 1503. नदीबरोबर खाली पार्थपूरला जा, आजचं पाथरी. इथे ज्योतिषी ज्ञानराज ‘सिद्धान्तसुंदर’ रचतायत. ग्रहगणिताच्या या ग्रंथात ऋतुवर्णनाचाही अध्याय आहे. ओट्यावर बसून ग्रहांचा क्रम विचारा. मध्ये पृथ्वी, मग चंद्र, बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी. हे ठरलं कशावरून? चालीवरून. सगळे ग्रह रोज सारखीच योजनं चालतात, हा सिद्धान्तकारांचा नियम. ज्याच्या फेरीला वेळ जास्त, त्याचं वर्तुळ मोठं. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस, शनी अडीच वर्षं. तुमच्या घरात जिची धास्ती घेतात ती साडेसाती म्हणजे शनीच्या तीन राशी.

आता आकडे मांडा. मंगळाची फेरी 687 दिवसांची, गुरूची 4332. या नियमानं गुरूचं वर्तुळ मंगळाच्या सहापटींहून मोठं निघतं. हिशेब फुगलेला आहे. लांबचे ग्रह हळूही चालतात, हे केप्लरच्या 1619च्या नियमातून कळेल आणि पट साडेतीनच्या आत येईल. पण क्रम पक्का आहे. रवी आणि पृथ्वी यांची अदलाबदल करा, चंद्र पृथ्वीबरोबर न्या, की शनीपर्यंतची आजची सूर्यमाला तयार. मंगळ–गुरूमधली ती मोठी मोकळी जागाही त्यात आहेच.

शेवटची उडी लांबची. लोणारच्या विवराचं आर्गॉनवरून काढलेलं वय 5 लाख 70 हजार वर्षं, उष्मादीप्तीवरून काढलेलं सुमारे 50 हजार. खरं असेल तिथे उतरा. शहागडच्या ईशान्येला, शंभरेक किलोमीटरवर, लख्ख उजेड होतो. वीसेक सेकंदांत पायाखालचा काळा कातळ हादरतो. आवाज पोचायला पाच मिनिटं जातात. लोणारला लघुग्रह आदळून 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलंय.

लघुग्रहांना पंचांगात आजही रकाना नाही. मंगळ–गुरूमधल्या पट्ट्यातले काही गुरूच्या ओढीनं वाट सोडतात आणि पृथ्वीजवळून जाऊ लागतात. त्यांचा पत्ता काढायची रीत मात्र जुनीच आहे: ओळीनं काही रात्री वेध घ्यायचे, चाल पकडायची आणि पुढची जागा सांगायची. असा दगड आधी दिसला, तर त्याची तारीखही आधी काढता येते.