हरताळ न फासता

पोथी लिहिताना लेखनिकाचा हात घसरला की तो चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पातळ लेप द्यायचा. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळेजर्द खनिज. लेप वाळला की त्यावर नवे अक्षर. जुन्या पोथ्यांत असे पिवळे डाग दिसतात, आणि 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. (दुकाने बंद ठेवायचा हरताळ वेगळा. तो हाटाला ताळा लावण्यातून आलेला.) हरताळाने अक्षर सुधारायचे, पण खाली काय होते ते वाचणाऱ्याला कळायचे नाही.

छापखाना आला आणि हा उपाय संपला. चूक शेकडो प्रतींत एकदमच जायची, त्या प्रती गावोगाव पोहोचायच्या, आणि एकेका प्रतीवर कोण लेप देत बसणार? मग ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडायची पद्धत पडली. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. मोनिअर विल्यम्सच्या संस्कृत कोशात 'शुद्धिपत्र' या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत. एक हा छापील चुकांच्या यादीचा. दुसरा, प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाल्याचा दाखला. दुरुस्ती आणि प्रायश्चित्त एकाच शब्दात नांदत आले आहेत, आणि विज्ञानाच्या नियतकालिकांत पुढे जे घडले ते पाहताना हा दुसरा अर्थ मला वारंवार आठवतो.

खिळे जुळवताना झालेली चूक शुद्धिपत्रात मावते. विचारच चुकला असेल तर? 1665 मध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, आणि शोध लावणाऱ्याने तो छापून सर्वांसमोर ठेवायचा हा प्रघात रुजू लागला. त्याच नियतकालिकाच्या 49व्या खंडात, 1756 साली, बेंजामिन विल्सन यांचे एक छोटे पत्र आहे. इंग्रजी नियतकालिकात छापलेले मत जाहीरपणे मागे घेतल्याचे जुन्यात जुने उदाहरण म्हणून ते दाखवले जाते. शीर्षकातच 'माघार' हा शब्द आहे.

विल्सन पेशाने चित्रकार. वीज हा त्यांचा ध्यास. त्या काळी युरोपभर लायडनच्या बरणीचे कुतूहल होते: काचेची बरणी, तिच्यात वीज साठवायची, आणि हात लावला की सणसणीत झटका. ही वीज बरणीत साठते कशी, याचा खुलासा विल्सन यांनी 1746 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला आणि 1750 च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने छापला. बेंजामिन फ्रँकलिन यांचे म्हणणे वेगळे होते: काचेच्या एका बाजूला जितकी वीज वाढते तितकीच दुसऱ्या बाजूला घटते. विल्सन यांनी पुन्हा प्रयोग केले. मग त्यांनी सोसायटीला लिहिले की आपण तेव्हा चुकलो होतो, ते मत आपण मागे घेत आहोत. त्यांना कोणी चौकशीला बोलावले नव्हते, पदावरून काढले नव्हते. तीनच वर्षांनी त्यांनी फ्रँकलिन यांचे चित्र रंगवले.

याच विल्सन यांनी पुढे, कोसळणाऱ्या विजेपासून इमारत वाचवणाऱ्या वीजवाहक तारेचे टोक अणकुचीदार नको, बोथटच हवे, असा हट्ट धरला. 1772 मध्ये या प्रश्नावर नेमलेल्या सोसायटीच्या समितीतल्या इतरांनी अणकुचीदार टोकाच्या बाजूने कौल दिला, तेव्हा ते एकटे विरोधात उभे राहिले आणि 1777 मध्ये भव्य प्रयोग मांडून तेच पटवत राहिले. एकदा मोठ्या मनाने चूक कबूल केलेल्या माणसालाही दुसऱ्यांदा ते जमेलच असे नाही.

यापुढची दोन शतके झटकन ओलांडतो. निबंध मागे घेण्याला व्यवस्थेचे रूप आले ते 1980 नंतर. हार्वर्डमध्ये जॉन डार्सी यांनी आकडे रचल्याचे उघड झाले आणि माघार या शब्दाला अपराधाचा वास चिकटू लागला. 1984 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने आपल्या सूचीत अशा निबंधांवर खूण करायला सुरुवात केली. ब्रिटनमधल्या काही वैद्यक संपादकांनी 1997 मध्ये प्रकाशननीतीची समिती स्थापन केली. तिने 2009 मध्ये दिलेले नियम मला फार मोलाचे वाटतात. निबंध पुसायचा नाही. तो जागेवर ठेवून त्यावर 'मागे घेतला' असा ठसठशीत शिक्का मारायचा. वेगळी सूचना छापायची, ती सर्वांना विनामूल्य वाचता यावी, आणि कोण मागे घेत आहे व का, हे तिच्यात स्पष्ट असावे. हेतू शास्त्राची नोंद दुरुस्त करण्याचा, लेखकाला शिक्षा करण्याचा नव्हे.

उशिराची किंमत किती जबर असते ते 'लॅन्सेट'ने दाखवले. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा अवघ्या 12 मुलांवरचा निबंध फेब्रुवारी 1998 मध्ये छापला गेला. त्यातून गोवराच्या लसीबद्दल भीती पसरली, ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले. 2004 मध्ये 10 सहलेखकांनी त्यातला निष्कर्ष नाकारला, तरी पूर्ण निबंध मागे घ्यायला फेब्रुवारी 2010 उजाडले. त्याच नियतकालिकाने 2020 मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा, 96,000 रुग्णांची आकडेवारी सांगणारा निबंध 13 दिवसांत मागे घेतला, कारण मूळ आकडे तपासायला मिळेनात.

2023 मध्ये जगभरात 10,000 हून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतले 8,000 हून अधिक हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेचे होते. अशा लोंढ्यात प्रामाणिक माघारही चोरीच्या मालासारखी दिसू लागते, याचे मला खरोखर वाईट वाटते. नोबेल जाहीर होऊन सव्वाच वर्ष झालेल्या फ्रान्सिस अर्नल्ड यांनी 2 जानेवारी 2020 रोजी, 'सायन्स'मधला आपल्या गटाचा निबंध मागे घेत असल्याचे स्वतःच जाहीर केले. प्रयोग पुन्हा करून पाहता जमत नव्हते आणि वहीत महत्त्वाच्या नोंदी नव्हत्या. कामात आपले पुरेसे लक्ष नव्हते, असे सांगून त्यांनी क्षमा मागितली. ही माघार विल्सन यांच्या पत्राची सख्खी वारस.

आणि नेमक्या याच काळात हरताळ परत आला आहे. निबंध आता पडद्यावर वाचला जातो, आणि पडद्यावरचा आकडा कोणालाही न सांगता बदलता येतो. काही नियतकालिकांनी तसे केल्याचे दक्ष वाचकांनी जुन्या आणि नव्या प्रती शेजारी ठेवून दाखवून दिले आहे. पोथीत निदान पिवळा डाग तरी उरायचा.